समुद्राला पितळ चालत नाही

नोकरीतल्या गमती सांगायला बसलं की लोकांना साहेब आठवतात, रजेचे अर्ज आठवतात, कँटीनचा चहा आठवतो. माझं तसं नाही. मी साडेचार वर्षं समुद्र सांभाळायच्या नोकरीत होतो, आणि तोही मुळशीत! खरा समुद्र बघायचा तर जिथून घाट उतरून कोकण गाठावं लागतं, तिथे धरणाच्या काठाला सात काचेच्या टाक्या आणि चार माणसं एकत्र आली की किस्से लिहून ठेवावे लागत नाहीत. टाकीच्या कडेला मीठ साचतं, तसे ते आपोआप साचत जातात. मी ते खरवडतोय, इतकंच.

साल साठच्या आसपासचं. आमचे दामले सर पुण्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून रिटायर झाले आणि घरी नातवंडं खेळवायची सोडून मुळशीला एका जुन्या बंगल्यात समुद्री प्राण्यांचं केंद्र काढून बसले. पैसे मुंबईच्या एका ट्रस्टचे. खारं पाणी अलिबागकडून लाकडी पिंपांत भरून लॉरीनं यायचं. मी तिथे असिस्टंट, म्हणजे कारकून, म्हणजे पडेल ते काम.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "सर, समुद्रातले प्राणी ठेवायचे तर समुद्राकाठी ठेवा ना! मुळशीत कशाला?"

सर म्हणाले, "समुद्राकाठी समुद्र कोणीही ठेवील! तिथल्या पोरांना तो फुकट दिसतो. इथली पोरं 'सागर' हा शब्द नुसता पाठ करतात."

मी पिंपं मोजायला गेलो.

*

नळाचं काम ज्ञानू मिस्त्रीकडे. पौडजवळच्या गावचा, पन्नाशीचा, धरणाच्या कामावर पाइप जोडून जोडून हातांना घट्टे पडलेले. वरच्या हौदातून सात टाक्यांत पाणी सोडायचं, वापरलेलं पाणी वाळूतून गाळून पुन्हा वर चढवायचं, अशी योजना. सरांनी त्याला एकच सूचना दिली, "मिस्त्री, गंजणारं काही वापरायचं नाही."

मिस्त्रीनं ती मनावर घेतली. पुण्याला जाऊन त्यानं सात जाडजूड पितळी कॉक आणले. लग्नातल्या भांड्यांसारखे झळकत होते! बसवून झाल्यावर एकेकावर हात फिरवत म्हणाला, "सर, तुमच्या नातवाच्या लग्नापत्तूर ह्याला गंज चढायचा न्हाई!"

खरंच चढला नाही. मात्र तिसऱ्या दिवशी कोळंबी आडवी झाली. पाचव्या दिवशी खेकडे. आठवड्याभरात मासे उलटे तरंगायला लागले. आम्ही पाणी तपासतोय, खाणं तपासतोय, काही सापडेना.

यात आमच्या पारूबाईंची भर. पारूबाई झाडलोट करायच्या. कॉकच्या तोंडाला हिरवट कड धरली की त्यांच्या जिवाला चैन पडायचं नाही. रोज सकाळी चिंच आणि मीठ घेऊन सातही कॉक लख्ख घासायच्या, वर पाणी ओतून धुवायच्या. ते धुणं जायचं कुठे? टाकीत!

शेवटी एक दिवस सरांनी कॉकचं तोंड रुमालानं पुसलं. रुमाल हिरवा झाला. सरांनी तो दाखवायला सगळ्यांना बोलावलं.

मिस्त्रीला पटेना. "सर, आमी तांब्याच्या घागरीतलं पानी पितो. मानसाला चांगलं ते माशाला वंगाळ कसं?"

"मिस्त्री, तुमच्या घरी बिनकल्हईच्या पितळेत दही लावतात?"

"छ्या! कळकंल की! हिरवं पडंल!"

"मग खारं पाणी म्हणजे दहीच समजा."

मिस्त्रीचा चेहरा उतरला. त्या दिवशी तो जेवला नाही, पायरीवर बसून राहिला. तेव्हा सर त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "चूक माझी आहे. मी गंज सांगितला, कळक सांगायचा राहिला." इतकी वर्षं नोकऱ्या केल्या, पण वरच्या माणसानं खालच्या पायरीवर बसून चूक कबूल केलेली मी दुसऱ्यांदा पाहिली नाही.

*

प्राण्यांची दुसरी खेप आली. आता पितळ बंद! काचेच्या नळ्या, रबरी पाइप, बुचं लाकडाची. मिस्त्री स्वतः प्रत्येक सांध्याला नाक लावून बघायचा. तरी महिन्याभरात कोळंबी पुन्हा आडवी! या वेळी हळूहळू, पण मेली ती मेलीच.

सर, मिस्त्री आणि मी तीन दिवस तपासणी करत होतो. प्रत्येक पाइप सोडवला, प्रत्येक बूच फोडलं. धातूचा कण नाही. सर खुर्चीत डोकं धरून बसले. मिस्त्री भिंतीला टेकला. मी वहीत "कारण अज्ञात" लिहिलं.

पारूबाई फरशी पुसत होत्या. खाली बघतच म्हणाल्या, "पर पानी वर चढिवता ती बादली कशाची हाय?"

जस्ताची होती. दिवसाला साठ खेपा आम्ही त्याच बादलीनं करत होतो!

सरांनी वही मागून घेतली, "कारण अज्ञात" खोडलं आणि लिहिलं, "कारण पारूबाईंनी शोधले."

*

मग ट्रस्टचं पत्र आलं. भाषा गोड, मजकूर कडू. तिसरी खेप वर्षभर जगली तर केंद्र चालेल, नाहीतर टाक्या विकून बंगला रिकामा करावा. वर्षअखेरीस अध्यक्ष स्वतः पाहायला येतील.

सरांनी पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. आम्हा तिघांच्या नोकऱ्या जाणार होत्या, पण त्या क्षणी आम्ही सगळे सरांच्या तोंडाकडे बघत होतो. त्या माणसाचं दुसरं काही राहिलंच नव्हतं. बायको वारलेली, मुलगा "बाबांना वेड लागलंय" म्हणून पत्रसुद्धा पाठवत नसे.

सर म्हणाले, "या वेळी समुद्रघोडे आणू."

सगळ्यांत नाजूक प्राणी! मी म्हटलं, "सर, कशाला विषाची परीक्षा?"

"बुडायचंच तर खोल पाण्यात बुडू," सर म्हणाले.

*

आता धातू अजिबात नको म्हटल्यावर लांब पाइप कशाचे करायचे? प्लॅस्टिकचे पाइप तेव्हा आमच्यापर्यंत पोचले नव्हते. मिस्त्रीनं डोंगरावरच्या कातकरवाडीतून लखमाला बोलावलं. लखमा बांबूतला दर्दी. त्यानं सगळं बघितलं, ऐकलं आणि म्हणाला, "देतो. पर अंधाऱ्या पंधरवड्यात तोडीन. उजेडातल्या बांबूला कीड लागते."

सर शास्त्रज्ञ! "चंद्राचा आणि किडीचा काय संबंध?" म्हणाले. थांबायला वेळही नव्हता. शुक्ल पक्षातच बांबू तोडायला लावला. लखमानं तोडून दिला, पण मजुरी घेईना. "हे माझं काम न्हाई, तुमचं हाय," म्हणाला.

तीन आठवड्यांत बांबूतून पीठ गळायला लागलं. भुंग्यानं चाळण केली होती.

सर स्वतः डोंगर चढून कातकरवाडीत गेले. लखमा झोपडीबाहेर बसला होता. सर धापा टाकत म्हणाले, "अमावास्येला किती दिवस आहेत?"

लखमा म्हणाला, "बसा, सर. पानी प्या. चंद्राला घाई न्हाई."

अंधाऱ्या पंधरवड्यातला बांबू मी नोकरी सोडेपर्यंत टिकला. का टिकला, ते सर शोधत राहिले.

*

लाकडी कॉक पुण्याच्या एका कातारीकडून करून घेतले. त्याचा धंदा लाटणी आणि पाळण्यावरच्या चिमण्यांचा. आम्ही साधे बाभळीचे कॉक सांगितले होते. आले ते लाखेनं रंगवलेले, लाल-हिरवे, वर पिवळे पट्टे!

मिस्त्री म्हणाला, "अवो, हे काय? बारसं हाय का हितं?"

कातारीनं चिठ्ठी पाठवली होती: "नुसते लाकूड पाठवणे जिवावर आले."

सरांनी लाख खरवडून पाण्यात ठेवून पाहिली, कोळंबी ठणठणीत राहिली. मग आमच्याकडे लाल कॉक भरतीचे आणि हिरवे ओहोटीचे झाले. बघायला येणारी पोरं माशांआधी नळच बघायची.

*

सगळे धडे मिस्त्रीनंच शिकायचे असं काही नव्हतं. एकदा सर पुण्याहून रुमालात गुंडाळून काहीतरी घेऊन आले. रबरी पाइप आवळायच्या चिमुकल्या क्लिपा, डॉक्टरी दुकानातल्या. सरांचा चेहरा खुलला होता. "मिस्त्री, स्टेनलेस! ही कधी गंजत नाही. सांधे गळायची कटकट संपली."

मिस्त्रीनं एक क्लिप उचलली, दातानं चावून बघितली आणि घेऊन गेला. एका बरणीत खारं पाणी, त्यात क्लिप, त्यात एक कोळंबी. बरणी खिडकीत. रोज सकाळी आधी तो बरणीला तोंड दाखवायचा, मग कामाला लागायचा.

महिन्याभरानं त्यानं ती क्लिप सरांच्या टेबलावर आणून ठेवली. स्क्रूच्या खाचेत, जिथे पाणी कोंडून राहतं तिथे, तांबूस ठिपके दिसत होते.

सर चष्मा पुसत म्हणाले, "हे काय, मिस्त्री?"

"तुमच्या नातवाचं लगीन झालं, सर!"

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. क्लिपा मात्र त्याच दिवशी कपाटात गेल्या.

*

नारळी पौर्णिमा आली. मुळशीत कोणी समुद्र पाहिलेला नव्हता, पण त्या दिवशी समुद्राला नारळ देतात हे सगळ्यांना ऐकून माहीत. आणि यंदा समुद्र गावात! सकाळपासून बायामाणसं रांगेनं यायला लागली. नारळ आम्ही अंगणात ठेवून घेतले. पण हळदकुंकू लावून झालं की जो तो कमरेचा पैसा काढी आणि भक्तिभावानं टाकीत टाकी. जुने तांब्याचे पैसे! नदीत टाकतो, मग समुद्रात का नाही?

सर बाह्या सरसावून लाकडी चिमट्यानं पैसे काढत होते. एक काढला की दोन पडत. मी "धातू टाकू नये" अशी पाटी लावली. ती वाचता येणारे दोघे होते, एक मी आणि एक सर.

थोड्या वेळानं पैसे पडायचे थांबले. सर बाहेर येऊन बघतात तो काय, दाराशी एक धोंडा, त्याला शेंदूर, समोर परात! येणारा प्रत्येक जण तिथेच हात जोडी, पैसा परातीत टाकी आणि रिकाम्या हातांनी आत जाई.

सर आयुष्यभराचे नास्तिक. स्वतःच्या घरच्या सत्यनारायणाचं तीर्थ ज्यांनी कधी घेतलं नाही, त्यांच्या प्रयोगशाळेच्या दारात देव!

"मिस्त्री, हा कुठला देव?"

मिस्त्री शांतपणे म्हणाला, "द्येव न्हाई सर, गाळनी हाय."

*

एक गोष्ट हसण्यासारखी नाही, तरी सांगतो.

मिस्त्रीच्या उजव्या हातात तांब्याची अंगठी होती. बायको बाळंतपणानंतर अंथरुणाला खिळलेली, म्हणून गुरवानं दिलेली. सव्वादोन महिने काढायची नाही, आंघोळीलासुद्धा नाही. आणि मिस्त्रीचा हात दिवसभर खाऱ्या पाण्यात! ती अंगठी दिसली तेव्हा मी मनाशी म्हटलं, आता सर संतापणार, अंगठी निघणार आणि त्या बाईला काही झालं तर जन्मभर हा माणूस कोणाला माफ करणार नाही, स्वतःला तर नाहीच.

मिस्त्रीनंच हात पुढे केला. "सर, काढू का?" डोळे भरलेले.

सरांनी विचारलं, "किती दिवस राहिले?"

"दोन म्हैनं."

"मग दोन महिने डाव्या हातानं काम करा. उजवा हात घरचा, डावा समुद्राचा."

मिस्त्रीनं दोन महिने डाव्या हातानं कॉक फिरवले, डाव्या हातानं बांबू जोडले. वाकडे जोडले, पण जोडले. आणि पाण्याची लॉरी रिकामी परत जात होती त्या दिवशी सर तिच्यातून मिस्त्रीच्या बायकोला पुण्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. बाई उठून चालायला लागली. औषधानं की अंगठीनं, यावर त्या दोघांनी कधी वाद घातला नाही. मला ती दोघंही माणसं त्या दिवसापासून फार जवळची वाटायला लागली.

*

समुद्रघोडे जगले. दिवाळी जवळ आली तसा त्यातला एक घोडा पोटानं फुगला. सर आनंदानं ओरडले, "पिल्लं होणार!"

पारूबाई काचेला डोळे लावून म्हणाल्या, "बाय माझी! कितवा म्हैना?"

"पारूबाई, तो नर आहे. यांच्यात पिल्लं नराच्या पोटातून होतात."

पारूबाईंना पाच मुलं. त्या घोड्याला काचेवरूनच कुरवाळत त्या म्हणाल्या, "चला, दुनियेत एक तरी बाप सापडला!"

*

आणि अध्यक्ष आले. तो घोडा आज-उद्यावर आलेला, त्याच दिवशी!

अध्यक्ष मोठा सात्त्विक माणूस. पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला गंध. सगळं गाव अंगणात जमलेलं. लखमाही डोंगर उतरून आला होता. अध्यक्षांनी सातही टाक्या पाहिल्या, बांबूचे पाइप पाहिले, रंगीत कॉक फिरवून पाहिले. खूश दिसले, पण केंद्र चालणार की बंद होणार, याबद्दल अक्षर बोलले नाहीत. सर त्यांच्या मागून चालत होते. अध्यक्षांनी फिरवलेला प्रत्येक कॉक ते पुन्हा जागेवर आणत होते.

समुद्रघोड्यांच्या टाकीपाशी आल्यावर अध्यक्ष थांबले. त्यांनी सेक्रेटरीकडे हात केला. सेक्रेटरीनं पिशवीतून रेशमी कापडात बांधलेलं काहीतरी काढलं. कापड सुटलं. आत गंगेचा गडू! तांब्याचा, तोंड बंद केलेला.

अध्यक्ष सद्गदित होऊन म्हणाले, "माझ्या आईनं काशीहून आणलेली ही गंगा. आई गेली, पण गडू देवघरात तसाच राहिला. गंगा शेवटी सागरालाच मिळते. आज मुळशीच्या सागरात ती मी सोडतो!"

टाळ्या पडल्या. आम्ही चौघंच तेवढी दगडासारखी उभी.

सेक्रेटरीनं चाकूनं गडूचं तोंड उघडलं. आतली कड मी पाहिली. हिरवीगार! इतकी वर्षं तांब्यात मुरलेलं पाणी.

सर कसेबसे म्हणाले, "अध्यक्षसाहेब, शास्त्रीयदृष्ट्या बघायचं तर..."

"प्रोफेसर, आज शास्त्र बाजूला ठेवा. ही माझ्या आईची गंगा आहे."

सर एक पाऊल मागे सरले. त्यांचा स्वभावच तसा, कोणाच्या आईच्या आड ते कसे येणार? अध्यक्षांनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले आणि गडू टाकीवर नेऊन कलता केला.

पाणी पडलं ते ओंजळीत. ज्ञानू मिस्त्री पुढे घुसून, गुडघे टेकून, काचेवर ओंजळ धरून बसला होता.

"सायेब, आदी आमाला," तो म्हणाला. "आमच्या मुळशीतल्या मानसाच्या तोंडात मरताना बी गंगा पडत न्हाई. आज जित्तेपनी पडू द्या."

तो प्याला. तोंड वाकडं झालं होतं, तरी म्हणाला, "अमृत!"

अध्यक्षांचे डोळे पाणावले. तेवढ्यात पारूबाई पदर सावरत पुढे. त्यांच्यामागे लखमा. मग मी. मग अंगणातलं सगळं गाव! म्हातारे, बाया, कडेवरची पोरं. अध्यक्ष दोन-दोन थेंब वाटत होते, "सगळ्यांना मिळेल, सगळ्यांना मिळेल" म्हणत होते, आणि रांग संपता संपेना. जे घेऊन गेले ते मागच्या दारानं पुन्हा येत होते, कारण मागच्या दाराशी मिस्त्री उभा होता.

रांगेत सगळ्यांत शेवटी दामले सर होते. त्यांनी उजव्या हाताचा तळवा खोलगट करून पुढे धरला. अध्यक्षांनी गडू उलटा केला. तीन थेंब पडले. सरांनी ते घेतले, आणि ओला हात सावकाश डोक्यावरून फिरवला.

अध्यक्षांनी गडूत डोकावून पाहिलं. "अरेरे! प्रोफेसर, सागराला काहीच उरलं नाही."

"सागर समजून घेईल," सर म्हणाले.

अध्यक्षांनी शेरेबुक मागवलं. टाकीशेजारच्या स्टुलावर बसून, शाईचं पेन काढून, वळणदार अक्षरात त्यांनी लिहिलं:

"येथील शास्त्रज्ञ व कर्मचारी अत्यंत भाविक आहेत. केंद्र चालू ठेवावे."